फाटकावरून

लेस्टर, ६ ऑक्टोबर १९३४

प्रिय एली काका,

माझं अक्षर तुम्ही ओळखणार नाही. दर ख्रिसमसला आमच्याकडून तुम्हाला जे कार्ड येतं, त्यावर बाबांच्या सहीखाली 'आणि हेस्टर' एवढंच असतं. ती मी. सात आठवड्यांची असताना बाबांनी रॉम्नी मार्श सोडलं, तेव्हा तुम्ही मला पाहिलं असेल तर तेवढंच.

मी इथल्या कॉलेजात प्राध्यापक लॅथबरी यांच्याकडे टंकलेखनाचं काम करते. खेड्यापाड्यांत बोलले जाणारे शब्द गोळा करून ते कोश तयार करत आहेत. शब्दागणिक एक चिठ्ठी करायची. तिच्यावर शब्द, त्याचा अर्थ, कानांनी ऐकलेलं एक खरं वाक्य आणि ते कोण, कुठे, कधी बोललं हे लिहायचं. माझ्या वाट्याला 'लुक' आला आहे, म्हणजे बघणं. दिसायला केवढासा शब्द! पण आमच्या खोक्यात त्याच्या चारशे चिठ्ठ्या झाल्या. माणसं वाट बघतात, मुलगी बघतात, आजाऱ्याकडे बघतात, करून बघतात, आणि 'बघून घेईन' म्हणून भांडतातही.

तुमच्याकडे मेंढरं राखणाऱ्याला 'लुकर' म्हणतात, असं एका जुन्या नकाशावरून कळलं. बाबा एके काळी तेच काम करायचे आणि तुम्ही अजून करता, एवढं मला ठाऊक आहे. बाबांना विचारलं तर खोकत खोकत म्हणाले, "विसरलो मी." ते काही विसरत नाहीत. आई गेल्याला तीन वर्षं झाली, तरी तिची टोपी कुठल्या खुंटीवर असायची हेही त्यांना आठवतं.

तुम्ही सांगाल का? मेंढरं 'बघणं' म्हणजे नेमकं काय?

तुमची पुतणी,
हेस्टर बूरमन


हॅमगेट, १४ ऑक्टोबर १९३४

प्रिय हेस्टर,

पत्र मिळालं. मी रविवारीच लिहितो, म्हणून उशीर. माझी शाळा चौथीपर्यंतची, शुद्धलेखन तू सांभाळून घे.

इथल्या जमिनींचे मालक वर टेकड्यांवर राहतात. खाली मार्शच्या पाणथळ जमिनीत दमट हवा, धुकं आणि ताप, म्हणून त्यांच्या पूर्वजांनीही इथे घरं बांधली नाहीत. मेंढरं मात्र इथल्याच गवतावर फोफावतात. मग चार-पाच मालकांची मेंढरं मिळून एक माणूस बघतो. तो लुकर. त्याला कुंपणं घालावी लागत नाहीत. शेताशेतांमध्ये पाण्याचे चर आहेत, तेच कुंपण.

बघणं म्हणजे असं. फाटक उघडून आत जायचं. मेंढरांमधून सावकाश चालायचं. बसलेली प्रत्येक मेंढी उठवायची आणि तिला दहा पावलं चालू द्यायची. चालताना तिचं दुखणं बाहेर पडतं. बसलेली मेंढी आपलं दुखणं लपवते. आपल्याकडे लांडगे कित्येक पिढ्यांपूर्वी संपले, पण हे तिला कोणी सांगितलेलं नाही. एखादी पाठीवर उलथलेली असते. लोकर भिजून जड झाली की तिला आपलं आपण उठता येत नाही आणि कावळे तिच्या डोळ्यांवर टपून असतात. तिला उभी करून दोन्ही गुडघ्यांत धरून ठेवायचं, तिचे पाय तिला सापडेपर्यंत. तेवढ्या वेळात मी प्रभूची प्रार्थना म्हणतो. बहुधा 'आमेन'च्या आधीच ती निघून जाते.

शेजारच्या नोआ गिलेटला तुझ्या कामाबद्दल सांगितलं. सत्तरीचा आहे, तोही जुना लुकर. म्हणाला, "शब्द हवेत का तिला? माझ्याकडे पोतंभर आहेत. पण निम्मे चर्चमध्ये बोलण्यासारखे नाहीत, आणि उरलेले बायकोसमोर."

चिठ्ठीसाठी वाक्य: 'बघून आलो, सगळ्या पायांवर आहेत.' हे आम्ही रोजच बोलतो, त्यामुळे कोण बोललं ते काय लिहू?

तुझ्या बाबांचा खोकला कसा आहे?

एली बूरमन


लेस्टर, २० ऑक्टोबर १९३४

प्रिय एली काका,

तुमचं पत्र म्हणजे खजिना आहे. प्राध्यापक दोनदा वाचून म्हणाले, "मिस बूरमन, या माणसाला चौथीतून काढलं कोणी?"

बाबांना मी ते जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते बटाट्याकडे बघत ऐकत होते. वाचून झालं तसं म्हणाले, "एक विसरला तो."

"काय?"

"उठवायची, चालवायची आणि मग थांबायचं. सगळी पुन्हा चरायला लागेपर्यंत तिथेच उभं राहायचं. जी चरत नाही, ती आजारी. थांबणं विसरला."

काका, माझ्या सत्तावीस वर्षांत बाबा मार्शबद्दल पहिल्यांदा एवढं बोलले! मी विचारलं, "काकांना तुमच्या खोकल्याचं काय लिहू?"

"बरा आहे म्हणून लिही."

"बरा नाहीये, बाबा."

"त्याला तिथून कुठे ऐकू जातोय."

खरं सांगते, बरा नाही. कारखान्यातल्या रंगाच्या वाफा छातीत बसल्या आहेत. उन्हाळ्यापासून कामावर जात नाहीत.

आता पुढचा प्रश्न. प्राध्यापक म्हणतात, शब्दाची हद्द कळायची असेल तर तो कुठे संपतो ते विचारावं. वाईट बघण्याला तुमच्याकडे काही वेगळं नाव आहे का?

हेस्टर


हॅमगेट, ४ नोव्हेंबर १९३४

प्रिय हेस्टर,

रूबेनचं बरोबर आहे. थांबायचं असतं. हे त्यानंच मला शिकवलं होतं.

तू विचारलंस त्याबद्दल. इथली म्हातारी मिसेस फॅग म्हणते, कुणी पापी डोळ्यांनी बघितलं तर मूल वाळतं, दूध नासतं. नजर लागू नये म्हणून तिच्या दारावर अजून भोकाचा दगड टांगलेला आहे. मी चर्चला जाणारा माणूस, त्यावर विश्वास ठेवत नाही. पण तिच्या दारावरून जाताना तिच्या बकरीकडे टक लावून बघतही नाही.

लुकरांमध्ये वाईट बघण्याला एक नाव आहे. 'फाटकावरून बघणं.' फाटकाला टेकून नुसती नजर फिरवायची आणि परतायचं. दुरून सगळी मेंढरं बरीच दिसतात. एखाद्याला 'फाटक्या' म्हटलं की इथे मारामारी होते.

वाक्य देतो. आमचे नवे तरुण पाद्री आजाऱ्यांच्या घरी उंबऱ्यातूनच 'कसं काय' विचारतात आणि सायकलवर बसतात. नोआ गिलेट गेल्या मंगळवारी दुकानात म्हणाला, "पाद्रीबाबा चांगले आहेत हो, पण फाटकावरून बघतात." दुकानात पाद्रीबाबांची आई उभी होती. नोआनं मग गरज नसताना दोन पौंड मेणबत्त्या घेतल्या.

नोआचं नाव चिठ्ठीवर पूर्ण लिही. त्याला आवडेल.

एली


लेस्टर, ११ नोव्हेंबर १९३४

प्रिय एली काका,

हे पत्र कामाचं नाही. प्राध्यापकांना दाखवणार नाही.

तुमचं पत्र मी नेहमीसारखं बाबांना वाचून दाखवलं. 'फाटकावरून बघणं' हे शब्द आले आणि बाबा उठले. कोट न घालता मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. बोलावलं तरी आले नाहीत. आत आले तेव्हा ओठ निळे झाले होते. त्यानंतर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता मला समजतंय. बाबा फाटकावरून बघणारे होते, हो ना? त्याचसाठी त्यांना मार्श सोडावं लागलं.

मला काय माहीत आहे ते सांगते. मी नऊ वर्षांची असताना एकदा आई इस्त्री करत होती. मी वाढदिवसाला केक मागितला. आई मान वर न करता म्हणाली, "तू आलीस त्या रात्री तेवीस मेंढ्या गेल्या. तुझा पायगुण. तुझा बाप तुझ्या पाळण्यापाशी बसला नसता, तर शेतात असता." मग तिनं इस्त्री ठेवली, मला जवळ घेतलं आणि रडली. पण बोललेलं मागे कसं घेणार? त्यानंतर मी केक मागितला नाही. नऊ फेब्रुवारीला आमच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही.

बाबांना मी हे कधीच सांगितलं नाही. ते कारखान्यातून आले की त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे. ते बघून मला वाटायचं, हे माझ्यामुळे. एरवी हे हात लोकरीत असते.

तुम्ही तिथे होता. मला समजूत नको आहे, खरं हवं आहे. माझ्यामुळे झालं का?

हेस्टर


लेस्टर, ९ डिसेंबर १९३४

प्रिय एली काका,

चार आठवडे झाले. तुम्हाला दुखावलं असेल तर माफ करा. उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नका, फक्त खुशाली कळवा. बाबा रोज सकाळी "टपाल आलं का?" विचारतात. कुणाचं ते विचारत नाहीत.

हेस्टर


हॅमगेट, १६ डिसेंबर १९३४

प्रिय हेस्टर,

चार रविवार मी कागद घेऊन बसलो आणि तसाच उठलो. आज उठणार नाही.

तुझ्यामुळे झालं नाही. तू फक्त जन्मलीस.

नऊ फेब्रुवारी १९०७, शनिवार. आठवडाभर गोठवणारी थंडी आणि आदल्या रात्री बर्फ. अशा वेळी मार्शमध्ये लुकरानं एक काम चुकवायचं नसतं. चर गोठले की कुंपण उरत नाही, आणि वर बर्फ पडलं की चर कुठला आणि शेत कुठलं हे मेंढरांना कळत नाही. म्हणून काठाकाठानं कुऱ्हाडीनं चरावरचं बर्फ फोडायचं, पाणी दिसतं ठेवायचं. पाणी दिसलं की मेंढी थांबते.

दुपारी रूबेन आमच्या आईच्या घरी आला. मी तेव्हा आईपाशी राहायचो, वीस वर्षांचा होतो. तो म्हणाला, "मार्था अडली आहे. सुईण म्हणते मी घर सोडू नये. खालचं शेत तू बघून ये, आणि कुऱ्हाड घेऊन जा."

मी कुऱ्हाड घेऊन गेलो. फाटकाशी बर्फ साचलं होतं. उघडायचं तर आधी खणावं लागलं असतं. मेंढरं पलीकडच्या झुडपाच्या आडोशाला दाटीनं उभी होती, शांत. चार वाजता चर्चमध्ये गाण्याची तालीम होती. दुसऱ्या दिवशी स्तोत्रातला एक चरण मला एकट्याला म्हणायचा होता, आणि गेला महिनाभर मी त्याशिवाय दुसरा विचार केला नव्हता. मी फाटकावरून मेंढरं मोजली. बरोबर भरली. मी परत फिरलो.

रूबेन त्याच्या दारात उभा होता, बाह्या वर केलेल्या. "बघितलंस?"

मी म्हणालो, "बघितलं."

संध्याकाळी तू झालीस. रात्री वारा फिरला, मेंढरं आडोसा शोधत निघाली, चरावर गेली आणि पायांखालचं बर्फ फुटलं. तेवीस गाभण मेंढ्या बुडाल्या.

सकाळी मालक आले, मिस्टर पिल्चर. मीही तिथे पोचलो होतो. त्यांनी रूबेनला विचारलं, "काल बघितलं होतंस?" मला वाटलं आता तो माझ्याकडे बोट करील. तो म्हणाला, "नाही साहेब. नाही बघितलं." मी सहा पावलांवर होतो. खिशात स्तोत्रांचं पुस्तक होतं. मी तोंड उघडलं नाही. वसंतात तो तुम्हाला घेऊन गेला, आणि त्याच्या वाटणीची शेतं मला मिळाली.

मी खरंच आत जाऊन बघितलं होतं असं त्याला वाटलं का, हे मला आजवर माहीत नाही. त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. प्रभूला मी दर रविवारी सांगत आलो. ते सोपं होतं, त्याला आधीच ठाऊक होतं. माणसाला सांगायचं राहिलं. माझ्या गप्प बसण्याची किंमत मी आणि रूबेन भरतो आहोत, एवढंच मी धरून चाललो होतो. तिकडे एक पोर वाढदिवसाला जीव मुठीत धरून बसते, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

हे पत्र बाबांना वाचून दाखव. एकही ओळ गाळू नकोस.

एली


लेस्टर, ३० डिसेंबर १९३४

एली,

पोरीनं पत्र वाचून दाखवलं. मग मी चष्मा लावून स्वतः वाचलं. पेन्सिलीनं लिहितोय, शाईला हात स्थिर लागतो.

मला ठाऊक होतं.

पहाटे मी पहिला पोचलो. पिल्चर यायच्या अर्धा तास आधी. बर्फात पावलं होती. आईच्या घराकडून फाटकापर्यंत आणि फाटकापासून परत. फाटकाच्या आत एकही नाही. तिथे तुझ्या टाचा खोल रुतल्या होत्या, म्हणजे उभा राहिला होतास बराच. लुकराला एवढं वाचता येतं, आणि पिल्चरही लुकराचाच नातू. म्हणून मी त्याच वाटेनं आईच्या घरापर्यंत दोनदा चालून आलो, तुझी पावलं माझ्या पावलांत बुजावीत म्हणून. तुझ्या पायात माझेच जुने बूट असायचे, त्यामुळे माप जुळलं.

का केलं ते विचारू नकोस. शेत माझं होतं. माझ्याऐवजी कुणाला पाठवलं हे माझ्या घरातलं बोलणं, ते मालकाच्या फाटकावर कशाला? आणि दोन्ही बूरमन गेले असते तर आईला कोण होतं?

रागावलो नव्हतो असं समजू नकोस. 'बघितलं' म्हणालास त्याचा राग होता. मेंढ्यांचा नव्हता. पहिली दोन वर्षं टपालाची वाट बघितली. तुझं ख्रिसमसचं कार्ड आलं की आधी पाठीमागे काही लिहिलंय का बघायचो. मग सोडून दिलं. अलीकडे पुन्हा बघायला लागलो होतो.

पण आता माझं ऐक. मार्था पोरीला तसं बोलली होती, हे मला या नाताळात कळलं. अठरा-एकोणीस वर्षं पोर माझ्यासमोर बसून जेवत होती. नऊ फेब्रुवारीला मी गप्प असायचो ते तुझ्यामुळे, आणि ती समजायची तिच्यामुळे. बर्फातली पावलं वाचली मी आणि घरातली पोर वाचली नाही. तेव्हा तू एकटाच फाटकावरून बघत होतास असं समजू नकोस.

तिला सगळं सांगितलं. ती रडली, मग मला ओरडली. तिच्या आईवर गेली आहे ओरडण्यात. बरं वाटलं.

खालचं शेत आता कोण बघतं?

रूबेन


हॅमगेट, ६ जानेवारी १९३५

रूबेन,

मीच बघतो. त्या दिवसापासून रोज फाटक उघडून आत जातो. चर गोठलेले नसले तरी हिवाळ्यात कुऱ्हाड बरोबर असते. नोआ हसतो. म्हणतो, "एली, मेंढरं कापायला निघालास की काय?" त्याला मी काल सगळं सांगितलं. त्यानं माझ्या हातातल्या कुऱ्हाडीकडे बघितलं. मग म्हणाला, "मी आपला तुला सुताराच्या धंद्यात जायचंय समजत होतो." आणि माझा खांदा धरून तसाच उभा राहिला.

नऊ फेब्रुवारी याही वर्षी शनिवारी आहे. तुम्ही दोघं या. ॲपलडोर स्टेशनवर मी घोडागाडी घेऊन उभा राहीन, आत घोंगड्या आणि गरम विटा ठेवीन. डॉक्टर नको म्हणाले तर मीच लेस्टरला येतो, पण तुझ्या छातीला इथला वारा त्या वाफांपेक्षा बरा.

केक नोआची बायको करते आहे. नोआ म्हणतो, अठ्ठावीस केक थकले आहेत, तेव्हा लहान चालणार नाही.

एली


लेस्टर, १६ फेब्रुवारी १९३५

प्रिय एली काका,

मी एकटीच घरी पोचले. खोली फार शांत वाटते, पण वाईट वाटत नाही. बाबांना थंडी संपेपर्यंत ठेवून घेतलंत, तर त्यांना रात्री छातीला तेल चोळायला लावा. ते 'चोळलं' म्हणतील. विश्वास ठेवू नका, वास घेऊन बघा.

केकचा उरलेला तुकडा प्राध्यापकांना दिला. त्यांनी कारण विचारलं, मी म्हणाले, "माझा वाढदिवस होता." हे वाक्य मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले.

आज 'लुक'चं खोकं बंद केलं. शेवटची चिठ्ठी त्या दिवशी फाटकापाशी मी मागे उभी होते तेव्हाची आहे. बाबा कडी काढून आत गेले आणि तुम्ही बाहेरच राहिलात, तेव्हाची. तिची नक्कल तुम्हाला पाठवते आहे. काही चुकलं असेल तर दोघांनी मिळून दुरुस्त करा.

तुमची,
हेस्टर

शब्द: बघणे.
अर्थ: आत जाणे; एकेकीला उठवणे; थांबणे.
वाक्य: "अरे, फाटक धरून काय उभा राहिलास? ये आत. बघू दोघं मिळून."
कोण, कुठे, कधी: रूबेन बूरमन, आपल्या भावाला. हॅमगेट, खालचं शेत. ९ फेब्रुवारी १९३५, दुपारी.